गाडी ओढत नाही

एसटीचा ड्रायव्हर ड्युटी संपवून डेपोत आला की गाडीचे दोष लिहून देतो. ब्रेक कमी लागतो, हॉर्न वाजत नाही, वायपर बंद. या साऱ्यांत वर्कशॉपला नकोशी वाटणारी तक्रार तीन शब्दांची असते : 'गाडी ओढत नाही.' ब्रेकची तक्रार फार तर चाकापाशी संपते. या तक्रारीचं मूळ डिझेल टाकीच्या झाकणापासून सायलेन्सरच्या तोंडापर्यंत कुठेही असू शकतं. माझी निम्मी नोकरी विभागीय कार्यशाळेतल्या पंपाच्या खोलीत गेली आणि उरलेली आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल'च्या पोरांना शिकवण्यात. तेवढ्या अनुभवावर सांगतो, या तीन शब्दांना गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कोणी काय उत्तर दिलं हे नीट मांडलं, तर आपल्याकडच्या डिझेल मेकॅनिकीचा बराचसा इतिहास लिहून होईल.

डिझेलचं इंजिन महाराष्ट्राच्या ओळखीचं झालं ते रस्त्यावर नव्हे, विहिरीवर. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि पुढे त्यांचं एका सिलिंडरचं, पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-वन इंजिन गावोगावच्या मळ्यांत जाऊन बसलं. माझ्या पिढीतले कितीतरी मेकॅनिक या इंजिनाच्या शाळेतून आलेले. टाकीतलं डिझेल एकदा तळाला गेलं की पाइपात हवा शिरते. मग टाकी काठोकाठ भरा नाहीतर हँडल मारून दंड भरून येऊ द्या, इंजिन काही उचलत नाही. अशा वेळी पंपाकडचा बोल्ट दोन आटे सैल करायचा, आधी फेस येऊ द्यायचा आणि बुडबुडे संपून नितळ धार लागली की बोल्ट आवळायचा. याला 'एअर काढणं' म्हणतात. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपाने मारलेला सगळा जोर त्या हवेच्या बुडबुड्यातच जिरतो. ही गोष्ट बागायतदाराच्या दहावी नापास पोराला पुस्तकाशिवाय ठाऊक होती. ट्रकवर क्लीनर म्हणून चढला तेव्हा तो निम्मा मेकॅनिक होऊनच आलेला असायचा.

रस्त्यावर डिझेल यायला उशीर लागला त्याचं कारण इंजिनात नव्हतं, पंपात होतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, पण त्यात इंधन फुंकायला दाबलेली हवा लागायची, आणि ती दाबायला शेजारी एक अवजड कॉम्प्रेसर. कारखान्यात, जहाजावर हे चालून गेलं. मोटारीत एवढं धूड बसवायचं कुठे? स्वतः डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. ट्रक त्याच्या इंजिनावर सर्रास धावू लागले ते तो गेल्यानंतर. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७ साली हाताने उचलता येईल असा इंजेक्शन पंप ठोक प्रमाणावर बाहेर पडायला लागला आणि मग कॉम्प्रेसरची गरज उरली नाही.

या पंपाची जात समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनाला पंपात सहा 'एलिमेंट'. एलिमेंट म्हणजे एक बॅरल आणि त्यात वरखाली होणारा प्लंजर. दोघांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची, म्हणून जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली. याचा प्लंजर त्याच्या बॅरलमध्ये घालायचा नाही. प्लंजरच्या अंगावर तिरकी खाच असते. रॅक नावाचा दातेरी दांडा सरकला की सहाही प्लंजर आपापल्या जागी थोडे फिरतात, आणि त्या खाचेमुळे किती डिझेल आत जायचं ते ठरतं. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो म्हणजे अखेर हा रॅक सरकवण्याची विनंती करतो. विनंतीच, कारण मध्ये गव्हर्नर बसलेला असतो आणि शेवटचा शब्द त्याचा. जुन्या पंपांवरचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालायचा, त्यात चामड्याचा पडदा असे. तो फाटला की गाडीची ताकद कमी होणं दूरच, इंजिन उलट बेफाम सुटायचं.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली, तेव्हा या पंपाशी गाठ पडलेले लोक आपल्याकडे कमीच होते. सुरुवातीच्या त्या ताफ्यात शेवरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, कॉमर अशी भरताड होती. जुने मिस्त्री सांगायचे की तेव्हा मेकॅनिकला गाड्यांपेक्षा गाड्यांच्या तऱ्हाच जास्त सांभाळाव्या लागत. घडी बसली ती १९५०च्या दशकात. १९५१ साली बंगळुरूला बॉशच्या सहकार्याने मायको सुरू झाली आणि पंप, नोझल इथेच मिळायला लागले. पुढे नाशिकला सातपूरलाही कारखाना झाला. १९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेन्झशी करार केला आणि तारा लावलेला टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आला. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या फार्गो-डॉजमध्ये पर्किन्सचं पी-सिक्स इंजिन बसायचं. दहा-पंधरा वर्षांत पेट्रोलचे ट्रक जवळजवळ दिसेनासे झाले. टाटाचं ६९२ आणि नंतरचं ६९७ ही इंजिनं तर आमच्या पिढीला कुलदैवतासारखी पाठ. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे मिलिमीटर. टाटाच्याच चारशे-सात गाडीच्या ४९७ इंजिनाचंही तेच.

पंपाची खोली वर्कशॉपात असूनही वर्कशॉपातली वाटायची नाही. बाहेर ग्रीस, काळं ऑइल, घणाचे आवाज. आत चपला बाहेर काढून यायचं. खिडकी बंद, टेबलावर जस्ताचा स्वच्छ पत्रा. हात पुसायला सुती वेस्ट वापरायला बंदी, कारण त्याचा एक धागा नोझलमध्ये गेला तर झालंच. मध्यावर टेस्ट बेंच. त्यावर पंप चढवायचा, मोटरने फिरवायचा आणि समोर काचेच्या नळ्या लावायच्या. ठराविक स्ट्रोकमध्ये प्रत्येक एलिमेंट किती सीसी डिझेल टाकतो ते नळीत उभं राहून दिसतं. सहाही नळ्यांत पातळी एका ओळीत आली की आमच्या वस्तादांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते पगाराच्या दिवशीही नसायचं. मग जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा फुल लोडचा स्क्रू बसवायचा, त्यातून तार ओवायची आणि शिशाचं सील मारायचं.

'गाडी ओढत नाही'चं खरं राजकारण या सीलपाशी चाले. एसटीत दर दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब असतो, त्याला केपीटीएल म्हणतात. डेपोची अब्रू या आकड्यात. आकडा घसरला की वरून विचारणा, मग पंपातून डिझेल थोडं कमी करा असा तगादा. कमी केलं की खंबाटकी घाटात ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर येणार आणि संध्याकाळी तेच तीन शब्द लिहून देणार. आम्ही पंप उतरवून बेंचवर लावायचो, पंप ठणठणीत. दोष होता तो आदेशात, आणि तो दुरुस्त करायचं पान्याचं माप आमच्याकडे नव्हतं.

खासगी ट्रकवाल्यांचं नेमकं उलटं. त्यांना पासिंगच्या दीडपट माल न्यायचा असे. मग नाक्यावरचा पंपवाला सील तोडायचा आणि 'डिझेल वाढवून' द्यायचा. चार-सहा महिने ट्रक हत्तीसारखा ओढायचा, मागे काळ्या धुराचा लोट सोडत. ते जास्तीचं डिझेल पुरतं जळत नसे. पिस्टन तापायचा, रिंगा जायच्या, आणि वर्षाच्या आत तोच ट्रक रिकामासुद्धा घाट चढेना. मालक पुन्हा त्याच पंपवाल्याकडे जाऊन आणखी डिझेल वाढवायला सांगायचा! पंपवाल्यांच्या धंद्यातली बरीचशी भरभराट त्या काळ्या धुरातून आलेली आहे, हे मी त्या धंद्यातला असून सांगतो.

आमच्या वस्तादांचा नियम साधा होता : पंप शेवटी. ते आधी धूर बघायचे. गाडी ओढत नाही आणि धूर काळा येतोय, म्हणजे डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडतेय. पांढरा येतोय, म्हणजे डिझेल जाऊनही जळत नाहीये : टायमिंग बघा, नोझल बघा, डिझेलमध्ये पाणी आहे का बघा. ओढत नाही आणि धूरही नाही, म्हणजे इंजिन उपाशी आहे. मग ते बॉनेटकडे न जाता टाकीकडे जायचे. टाकीच्या झाकणाला श्वासाचं बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की डिझेल उपसलं जाईल तशी टाकीत ओढ तयार होते आणि तासा-दीड तासाने इंजिन दम टाकतं. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, बिडी ओढतो, तेवढ्यात हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी चालू लागते. घाटाखाली खोपोलीत असं झालं की लोक घाटातल्या शिंग्रोबा देवाला नाणं टाकायला विसरलो म्हणायचे. वस्ताद झाकण अर्धवट सैल ठेवून गाडी पुढे पाठवायचे. न थांबता वर पोचली की रोग कळला.

त्यानंतर टाकीतली जाळी. मग टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप. या पाइपात दाब नसतो, ओढ असते, म्हणून तो फुटला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. नव्या पोरांना हे पचतच नाही. ते ओली जागा शोधत बसतात. त्यातच तांब्याचे वायसर. एकदा आवळून चपटे झालेले वायसर पुन्हा घातले की जोड हवा धरत नाही. ते लाल तापवून मऊ करून घ्यावेत किंवा नवे घालावेत. मग फिल्टर, आधी पहिला, मग दुसरा. नंतर फीड पंपाचे व्हॉल्व्ह. एवढ्या सगळ्यातून दोष सापडला नाही तरच पंप खाली उतरायचा. वस्तादांच्या हाताखाली मी पाहिलेल्या गाड्यांत बहुतेकींचा दोष पंपाच्या अलीकडेच सापडला. पण अलीकडचं काम स्वस्त, पंपाचं काम महाग. त्यामुळे बाजारात बरेचदा उलट्या टोकाकडून सुरुवात व्हायची, आणि अजून होते.

पंप खरोखरच बाद व्हायचा तो भेसळीने. पंपाच्या आत वेगळं ऑइल नसतं असं नाही, पण प्लंजरला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षा पुष्कळ स्वस्त असायचं, तेव्हा ते टँकरमध्ये मिसळण्याचा मोठा धंदा होता. रॉकेल पातळ, त्यात वंगण नाही. एलिमेंट झिजतात आणि मग तक्रार ठरलेली : सकाळी गाडी बरी असते, तापली की ओढत नाही, बंद केली की चालू होत नाही. गरम डिझेल आणखी पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे परततं. आम्ही बेंचवर असे पंप रांगेने पाहिले. हा नुसता पंपाचा प्रश्न नव्हता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाची चोरी आणि भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. आमच्याकडच्या झिजलेल्या प्लंजरचं दुसरं टोक कुठे होतं, ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला दिसलं.

हवेची बाजू आमच्याकडे बरीच वर्षं दुय्यम होती. ऑइल बाथ एअर क्लीनर असायचा. खाली भांड्यात ऑइल. त्यात धूळ बसायची. ऊसतोडीच्या हंगामात त्याचा चिखल व्हायचा. साफ केलं की संपलं. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो आला आणि हवेचं महत्त्व कळलं. टर्बोचा रबरी होज क्लिपमधून निसटला की भरधाव गाडीची ताकद एका क्षणात निम्म्यावर येते, फुस्स असा आवाज होतो आणि मागे काळा धूर. अचानक ताकद जाण्याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

या बाबतीतला मला सर्वांत आवडणारा किस्सा अमेरिकेतला आहे. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, त्या कमिन्सचा. त्यांचा क्लेसी कमिन्स हा हट्टी माणूस. डिझेल शर्यतीत उतरू शकतं हे दाखवायला त्याने १९३१ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत डिझेल गाडी उतरवली आणि ती इंधनासाठी एकदाही न थांबता पूर्ण अंतर धावली. १९५२ साली त्या कंपनीने टर्बो लावलेली गाडी आणली. फ्रेड अगाबाशियन याने ती ताशी १३८ मैलांवर पळवून सर्वांच्या पुढची, पहिली जागा पटकावली. एवढं होऊन शर्यतीच्या दिवशी २०० फेऱ्यांपैकी ७१ फेऱ्यांवर गाडी बाहेर! इंजिनाला काही झालं नव्हतं, पंपालाही नाही. टर्बोचं हवा घ्यायचं तोंड पुढे, खाली जमिनीलगत ठेवलं होतं. ट्रॅकवर उडणारे टायरच्या रबराचे तुकडे त्याने गिळले आणि ते चोंदलं. जगातली अव्वल इंजिनिअर मंडळी, आणि गाडी अडली ती आमच्या ऊसतोडीच्या धुळीसारख्याच कारणाने. आयटीआयच्या पहिल्या तासाला मी हीच गोष्ट सांगायचो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा हात फारसा नव्हता. सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाचं डिझेल पुरवणारी कॉमन रेल आली आणि आमची पंपाची खोली हळूहळू ओस पडली. जुन्या नोझलला साधारण दोनशे बारला उघडायला लावायचो. आता रेलमधला दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते संगणक ठरवतो. धुराचे नियमही कडक झाले : एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-चार, १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा. धूर पाहून रोग ओळखायची सोय गेली, कारण सायलेन्सरमधला फिल्टर धूर बाहेर येऊच देत नाही. आणि ताकद जाण्याचं एक नवंच कारण जन्माला आलं : गाडी स्वतःहून ताकद कमी करते. एखाद्या सेन्सरचा आकडा पटला नाही, काजळीचा फिल्टर भरला, युरियाची टाकी रिकामी झाली, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला कमी ताकदीच्या लिम्प मोडमध्ये टाकतो. गव्हर्नरचा शेवटचा शब्द आता संगणकाकडे गेला. स्कॅनर लावल्याशिवाय बोलायचं नाही. पण स्कॅनर दाखवतो 'रेल प्रेशर कमी', आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक लगेच हजारो रुपयांचा पंप बदलायला सांगतो. रेल प्रेशर कमी असण्याचं कारण चोंदलेला फिल्टर असू शकतं, हे तो कोड सांगत नाही.

अलीकडे मला फोन येतात ते कॅराव्हॅनवाल्यांचे. २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रॅव्हलरच्या किंवा बसच्या चासीवर पलंग, ओटा, संडास बसवून लोक कोकणात उतरतात आणि परतीच्या घाटात अडकतात. अमेरिकेत हे दुखणं जुनं. तिथे मोठ्या मोटरहोममध्ये इंजिन मागे असतं आणि रेडिएटरही मागेच, त्यामुळे इंजिनाच्या ब्रीदरमधून उडणारं ऑइल आणि चाकांनी उडवलेली धूळ मिळून त्याच्यावर लेप बसतो. उन्हात चढावर गाडी तापते, हवा थंड होत नाही, ताकद जाते. आपल्या गाड्यांची इंजिनं पुढे असल्याने तो त्रास कमी. पण उभं राहण्याचा रोग दोन्हीकडे सारखाच. ट्रक रोज धावतो, त्याचं डिझेल रोज बदलतं. कॅराव्हॅन पावसाळाभर शेडमध्ये उभी, टाकी अर्धी. टाकीतल्या रिकाम्या जागेतली ओल भिंतीवर धरते, पाणी तळाला बसतं, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर बुरशीसारखा चिकट थर वाढतो. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्याच मोठ्या चढाला तो हलतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. सपाटीला इंजिनाला डिझेल कमी लागतं म्हणून काही कळत नाही. घाटात भूक वाढते आणि तिथेच पुरवठा तोकडा पडतो.

म्हणून या मंडळींना सांगणं एवढंच. उभी ठेवताना टाकी भरून ठेवा. फिल्टरखालचं पाणी काढायचा नळ कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा, अंधारात घाटात नको. गाडीत एक जादा डिझेल फिल्टर आणि तो खोलायचा पाना बाळगा. मेकॅनिकला नुसतं ओढत नाही म्हणू नका; गार असताना की तापल्यावर, चढाला की सपाटीला, टाकी भरलेली की रिकामी, टर्बोची शिट्टी येते की नाही, हे सांगा.

आणि एक गोष्ट जुन्या मेकॅनिकांसाठी, त्यांच्यातल्या कोणी हे वाचलं तर. कुठला सिलिंडर मिस करतो हे ओळखायला आपण इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप सैल करायचो. कॉमन रेलच्या गाडीवर ते चुकूनही करू नका. त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते, वरून सुईएवढंच भोक दिसतं, आणि बोट कापायची वेळ येते. अशी इजा झाली तर पट्टी बांधून घरी जायचं नाही, त्याच तासाला सर्जन गाठायचा.